ऑटोमॅटिकच्या 360 इंजिनाला चार गिअरचा गिअरबॉक्स बसेल का?

ऑटोमॅटिक डॉजमधून निघालेलं 1978 चं 360 (घन इंचाचं, क्रायस्लरचं व्ही-8) इंजिन तुम्हाला मिळतंय आणि त्याला ए-833, म्हणजे क्रायस्लरचा चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स लावायचाय. मेकॅनिक म्हणतो, बोल्ट जुळतात, सरळ बसेल.

बसेल, पण आधी क्रँकशाफ्टचं मागचं टोक बघा, तेही इंजिन बाहेर आहे तोवर.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या छोट्या नळीत) फिरतं. ऑटोमॅटिकला बुश लागतच नाही, म्हणून क्रायस्लरच्या अशा बऱ्याच क्रँकमध्ये ते भोक अर्धवटच सोडलेलं असतं. व्हर्निअरने खोली मोजा. शाफ्ट आत टेकत असेल तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका, क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग जाईल. टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्याचं) नाक बसतं त्या मोठ्या भोकात बसणारं रोलर बेअरिंग मिळतं, मी तेच वापरतो. तरीही टोक टेकलं तर जास्तीचं तेवढं कापायचं.

खरी फसगत बॅलन्सची. याच घराण्यातल्या छोट्या 318 इंजिनाचं बॅलन्स क्रँकमध्येच पूर्ण होतं. 360 मध्ये थोडं वजन मुद्दाम बाहेर ठेवलंय: पुढे डँपरवर (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावर) आणि मागे, ऑटोमॅटिकमध्ये, टॉर्क कन्व्हर्टरला वेल्ड केलेलं. कन्व्हर्टर काढलात की मागचं बॅलन्स त्याच्याबरोबर गेलं! इथे मिशिगनमध्ये माझ्या डॉज डार्टला, 360 इंजिनासाठी, एका दुकानातून 'स्मॉल ब्लॉकचं' (318, 360 या घराण्याचं) म्हणून फ्लायव्हील घेतलं. सहाही बोल्ट छान बसले. रस्त्यावर वेग वाढला तशी गिअरची दांडी हातात थरथरायला लागली. ते 318 चं होतं. सगळं परत उतरवलं, एक अख्खा महिना गेला. म्हणून फ्लायव्हील 360 साठीचंच मागा, आणि 1993 पासूनच्या मॅग्नम नावाच्या 360 चं नको, त्याचं बॅलन्स वेगळं आहे. ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ फ्लेक्सप्लेटचे बोल्टही वापरू नका, ते आखूड असतात.

बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं घंटेसारखं कवच) क्रँकशी एका मध्यात आहे ना, ते डायल गेजने पाहा. 0.005 इंचापेक्षा जास्त फरक असेल तर ऑफसेट डॉवेल (कवच थोडं सरकवणाऱ्या पिना) घाला, नाहीतर बेअरिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही लवकर झिजतील.

पेडल, क्लचची जोडणी जुन्या मॅन्युअल गाडीतून पूर्ण संच घ्या.

शेवटी, सगळं जोडून चावी फिरवाल आणि स्टार्टर गप्प राहील. घाबरू नका. स्टार्टर रिलेची अर्थिंग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचमधून यायची, तो स्विच आता नाही. ती वायर थेट बॉडीला जोडली तर चालेल, पण मग गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरेल आणि गाडी उडी मारेल. त्याऐवजी मध्ये क्लच पेडलचा स्विच घाला.