'ब्लडी' ही शिवी नक्की आली कुठून?

प्रश्न: ब्लडी हा शब्द 'बाय अवर लेडी' म्हणजे मदर मेरीच्या शपथेवरून आला असं फॉरवर्ड आलंय, खरंय का? आणि इंग्रजांना तो एवढा का लागायचा?

उत्तर: नाही हो, ती गोष्ट ऐकायला छान आहे पण पटत नाही. 'बाय अवर लेडी' ही शपथ, ती एकटीच, वाक्यापासून वेगळी घ्यायची, आणि ब्लडी मात्र सुरुवातीपासून दुसऱ्या शब्दाला चिकटूनच येतो, 'ब्लडी ड्रंक' म्हणजे एकदम टल्ली, हे 1676 च्या एका नाटकात आहे. 1711 मध्ये लेखक जोनाथन स्विफ्ट, तो तर पाद्री माणूस, पत्रात खुशाल लिहितो की आज चालताना ब्लडी गरम होत होतं. म्हणजे तेव्हा त्यात फार काही वाटत नव्हतं. पुढे 18व्या शतकात तो खालच्या लोकांचा शब्द ठरला आणि सभ्य घरात बंदच झाला, छापताना मधली अक्षरं गाळून रेघ मारायचे.

मग 11 एप्रिल 1914, लंडन, बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक. त्यातली फुलवाली नायिका एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल स्टेजवर 'नॉट ब्लडी लाइकली' म्हणजे 'छे, मुळीच नाही' म्हणाल्या आणि थिएटर कितीतरी वेळ हसत राहिलं, पेपरात गदारोळ झाला, आणि नंतर लोक ब्लडीच्या जागी गमतीने चक्क 'पिग्मॅलियन' म्हणायला लागले! मला हा किस्सा फार आवडतो, कारण ही एलायझा म्हणजेच आपल्या पुलंची फुलराणी.