हेडलाइटची वायर पाइप म्हणून दाखवताना

मॉडेल रेल्वेच्या वाफेच्या इंजिनात हेडलाइटची वायर लपवायला जागा शोधत बसू नकोस, आधी खऱ्या इंजिनाचे फोटो बघ. अमेरिकन वाफेच्या इंजिनांवर टर्बोजनरेटरपासून (वाफेवर चालणारा छोटा वीज जनरेटर) हेडलाइटपर्यंत वायरची नळी बॉयलरच्या बाहेरूनच जायची, बऱ्याचदा हँडरेलला, म्हणजे बॉयलरच्या बाजूच्या पकडायच्या दांड्याला, धरून. तुझी वायरही त्याच वाटेने ने.

एचओ हे मॉडेल रेल्वेचं माप म्हणजे १:८७. त्यात एक इंची पाइप जेमतेम ०.३ मिमी भरतो. प्लॅस्टिकची वायर तिथे बोजड दिसते. मोटर वाइंडिंगची इनॅमल तार (वरून इनॅमलचा पातळ थर असलेली तांब्याची तार) घे, दोन पकडींत धरून हलकेच ताण, की सरळ होते. दोन तारा एकत्र पिळू नकोस, दोरीसारख्या दिसतात. एक डावीकडून, एक उजवीकडून ने.

बॉयलर धातूचा असेल तर तार आत जाते त्या भोकाची कड आधी घासून घे. इनॅमल नेमकं तिथेच सोलतं आणि शॉर्ट होतं. रंग शेवटी, मॅट काळा.