7 वर्षांच्या मुलाला गुन्हा कळतो का?

तुम्ही विचारलंय की आपल्याकडे 7 वर्षांच्या पोरावरही गुन्हा लागतो म्हणतात, ते खरं का आणि योग्य का. खरं आहे, पण सरसकट नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 नुसार 7 वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. 7 ते 12 मध्ये कलम 21 लागतं: आपण काय करतोय, त्याचं पुढे काय होईल, हे कळण्याइतकी समज त्या पोराला त्या वेळी होती का? 1860 च्या दंड संहितेत हीच कलमं 82 आणि 83 होती. 2024 मध्ये नंबर बदलले, वयं तीच राहिली.

आता ही समज मोजायची कशी? इंदूरला रामबागेत आमच्या वाड्यातला पितळी नळ चोरीला गेला होता. पोरगा असेल दहाएक वर्षांचा, भंगारवाल्याच्या दारातच सापडला. नळ काढल्यावर त्यानं पाइपात स्वतःचा रुमाल कोंबला होता. मावशी म्हणाली, "एवढं सुचलं ना? मग सगळं कळतं मेल्याला." काकांच्या मते पाण्याच्या आवाजानं कुणी जागं होऊ नये म्हणून. मला वाटलं, पाणी वाया जातंय हे त्याला बघवलं नसेल. रुमाल एकच, आणि आम्ही तिघं शहाणी माणसं! शेवटी आजोबांनी त्याला पोहे खाऊ घालून घरी पाठवलं.

म्हणून माझं मत, खालची मर्यादा सरळ 12 करावी. स्कॉटलंडमध्ये ती 12 आहे, जर्मनीत 14, इंग्लंडमध्ये मात्र 10. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं 2019 मध्ये किमान 14 सुचवलं.

टीव्हीवर भांडण चालतं ते वेगळं, 16 ते 18 वर्षांच्या मुलांचं. 2012 च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर 2015 चा बाल न्याय कायदा आला. त्यात अतिगंभीर गुन्हा असेल तर बाल न्याय मंडळ मुलाची मानसिक कुवत तपासून त्याला मोठ्यांसारख्या खटल्यासाठी बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. फाशी तरीही नाही. या 16 ते 18 च्या बाबतीत मी मावशीच्या थोडी जवळ आहे.

"वय वाढवलं तर टोळ्या लहान पोरांना वापरतील" असं म्हणणाऱ्यांनी त्याच 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 वाचावं. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड आहे. आमच्या त्या भंगारवाल्याला मात्र कुणी एक शब्द विचारला नाही, आणि तो चांगला पन्नाशीचा होता.