प्राण्यांच्या डीएनएतले रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तेच ते तुकडे, नुसता कचरा, की जीन चालू-बंद होण्यात त्यांचा हात असतो? आणि ते गप्प कसे राहतात?

हात असतो. सगळ्यांचा नाही, पण ज्यांचा असतो त्यांचा चांगलाच असतो. 'कचरा' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतंय, कारण आमच्या घरात याच्यावरून एक भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

माणसात जवळपास निम्मा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, रिपीटचा आणि प्रोटीन बनवणारा भाग जेमतेम दीड टक्का. प्रोटीन न बनवणाऱ्या डीएनएला १९७२ मध्ये ओहनो या शास्त्रज्ञांनी 'जंक' म्हटलं आणि ते पुस्तकापुस्तकातून चालत राहिलं. पण त्याच्या आधीच, १९६९ ला, ब्रिटन आणि डेव्हिडसन या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की हे रिपीटच जीनांचे गट एकदम चालू-बंद करायला वापरले जात असतील, आणि त्याच्याही आधी मॅक्लिंटॉक बाईंनी मक्याच्या दाण्यांचे रंग बघून डीएनएत इकडून तिकडं उड्या मारणारे तुकडे दाखवले होते. लोकांनी मनावर घेतलं नाही, बाईंना नोबेल मिळालं १९८३ ला.

आता माझं. संकेश्वरच्या बाजूला आमचं कोंबड्यांचं शेड आहे. झूलॉजीत बीएस्सी करून कोंबड्या पाळायलाय म्हणून पावण्यांत चेष्टा होते, होऊदे. आमचे दाजी आधी एका हॅचरीत कामाला होते. तिथं एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पसरून बघायचे, खालची मोठी पिसं वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा लांब असली तर तलंग (मादी), दोन्ही सारखी किंवा खालची आखूड असली तर नर. ट्रिक खरी आहे. पण ती का चालते हे दाजींना कुणी सांगितलं नव्हतं. एकदा दिवाळीनंतर त्यांनी माझ्यासाठी जवारी (गावठी) पिल्लांचा लॉट आणला, स्वतः बसून एकेक पंख उघडून निवडलेला, "सगळ्या तलंगा आहेत, डोळे झाकून घे." मी तिथंच म्हटलं, दाजी, ही जवारी आहेत, यांच्या आईबापाचा पत्ता नाही, यांच्यात पंखावरून काही कळत नाही. आक्कासमोर म्हटलं तेच बहुतेक लागलं त्यांना. "तुझ्या पुस्तकापेक्षा माझ्या हाताखालनं जास्त पिल्लं गेलीत." आता यावर काय बोलणार, गेलीत खरीच. पिल्लं मोठी झाली आणि निम्मं शेड आरवायला लागलं. शेजारचे पहाटे पहाटे विचारून गेले की कोंबड्यांची शाळा काढलीस काय म्हणून. दाजी काय म्हणाले असतील? खाद्यात गडबड केलीस! खाद्यानं तलंगेचा कोंबडा होतोय होय?

हॅचरीचं गणित असं आहे. पंख उशिरा फुटण्याचा गुण झेड या नर-मादी ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर बसतो. तिथं सुमारे पावणेदोन लाख अक्षरांचा तुकडा लागोपाठ दोनदा आलाय, त्यात प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या रिसेप्टरचा जीन अर्धवट डबल झालाय, आणि तिथंच ईव्ही-२१ नावाचा एक रेट्रोव्हायरस पिढ्यानपिढ्या घुसून बसलाय. पक्ष्यांत नराला दोन झेड, मादीला एकच, तोही बापाकडून. म्हणून आई उशिरा पंखाची आणि बाप लवकर पंखाचा असा मुद्दाम जोडा लावला की सगळ्या पोरी लवकर, सगळे पोरगे उशिरा. जोडा लावला नाही की ट्रिक संपली. जवारीत आईबाप दोघंही लवकर पंखवाले असले तर झाडून सगळी पिल्लं तलंगाच दिसणार. मी घरी हे कागदावर काढून दाखवलं. दाजी म्हणाले, व्हायरस असता तर कोंबड्या मेल्या असत्या की.

तर नाही मरत. असले व्हायरस स्वतःची कॉपी जीनोममध्ये चिकटवतात, पुढं त्याच कॉपीच्या कॉप्या होतात, रिपीटमधला एक हिस्सा असाच आलाय. आणि त्यांच्या टोकाला स्वतःचा स्विच असतो, तो शेजारच्या जीनाला लागू पडतो. निळ्या अंड्याची कोंबडी घ्या, दक्षिण अमेरिकेतली अरौकाना. तिच्यात असला व्हायरस एका जीनाच्या अलीकडं बसला. तो जीन एरवी लिव्हरमध्ये काम करतो, आता अंड्याचं कवच बनतं तिथंही चालू झाला आणि बिलिव्हर्डिन नावाचा हिरवट-निळा रंग कवचात उतरायला लागला. हे २०१३ ला सापडलं. चीनच्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांत तोच व्हायरस, तोच जीन, पण व्हायरस बसलाय वेगळ्या ठिकाणी, म्हणजे हा प्रकार दोनदा वेगवेगळा घडला. प्रोटीनचं एक अक्षर बदललं नाही, नुसता पत्ता बदलला! सेब्राइट जातीत कोंबडासुद्धा कोंबडीसारख्या पिसांचा असतो, तिथंही व्हायरसच, अरोमाटेज जीन कातडीत चालू करून ठेवतो आणि नराचं टेस्टोस्टेरॉन तिथंच इस्ट्रोजेन होतंय. दाजींनी असला कोंबडा बघितला तर काय म्हणतील ते मला ऐकायचंय.

रिपीट गप्प कसे राहतात हे पण विचारलंय तुम्ही. बहुतेकांवर पेशी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक टॅग लावून त्यांना बंद ठेवते. अगूटी नावाच्या उंदरांत रंगाच्या जीनाजवळच्या असल्या रिपीटवर टॅग कमी पडले की अंग पिवळं आणि उंदीर लठ्ठ, आणि २००३ मध्ये वॉटरलँड आणि जर्टल या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरीला मिथाइल पुरवणारं फोलेट वगैरे देऊन पिल्लांचा रंग बदलून दाखवला. एवढं पुरे, बाकी तुम्ही वाचा.

एक राहिलंच, वरचं वाचून सगळेच रिपीट कामाचे असं समजू नका. बहुतेक नुसते पडून असतात. २०१२ मध्ये ८० टक्के जीनोम काहीतरी काम करतो असं जाहीर झालं तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली आणि ती बरोबरच होती असं माझं मत. कोंबडीत रिपीट १० टक्क्यांच्या आसपासच, तिचं काही अडत नाही, आणि कांद्याचा जीनोम माणसाच्या पाचपट आहे म्हणून कांदा काही हुशार झाला नाही. पंखाच्या बाबतीतसुद्धा व्हायरसपेक्षा त्या डबल तुकड्याकडंच वजन जास्त जातंय, हे दाजींना सांगू नका, ते लगेच म्हणतील मी जिंकलो. जिंकले नाहीत ते. तुकडा डबल असो नाहीतर व्हायरस असो, जोडा लावल्याशिवाय पंख बघून उपयोग नाही हे तसंच राहतंय.

आणि कधी पिल्लं घेणार असाल तर विकणाऱ्याला आईबापाची लाईन विचारा. त्याला माहीत नसली तर त्यानं कितीही पंख पसरून दाखवूदे, निम्मे कोंबडे धरूनच भाव करा.