फिजिक्सच्या मुलीला कॅन्सर संशोधनात जाता येईल का?

ताई, तुमची मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कॅन्सरवर काम करायचंय, आणि घरचे म्हणतात की बारावीला बायोलॉजी सोडलं तेव्हाच तो रस्ता बंद झाला. मी बरीच वर्षं कॅन्सर रजिस्ट्रीत, म्हणजे एखाद्या भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात, काढली, आधी नोंदी घ्यायला आणि पुढे त्या तपासायला. रस्ता अजिबात बंद झालेला नाही. कॅन्सरबद्दलची एक पायाभूत गोष्ट फिजिक्सच्या भाषेत आणि रुग्णांच्या नोंदींतूनच कळली आहे. ती तिला नक्की वाचून दाखवा.

१९७१ साली अमेरिकेत आल्फ्रेड नूडसन या बालरोगतज्ज्ञांनी रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरच्या, ४८ रुग्णांच्या नोंदी काढल्या. त्यांनी मुख्यतः दोनच गोष्टी पाहिल्या: निदान कितव्या महिन्यात झालं, आणि गाठ एका डोळ्यात होती की दोन्ही. मग कुठल्या वयाला किती मुलांचं निदान व्हायचं बाकी होतं, ते लॉगच्या, म्हणजे दर पायरीला संख्या दहापट बदलणाऱ्या, आलेखावर मांडलं. दोन्ही डोळ्यांच्या मुलांचे ठिपके सरळ रेषेत उतरत गेले. एका डोळ्याच्या मुलांचे आधी रेंगाळले, मग खाली वळले.

या दोन रेषा रेडिएशनच्या अभ्यासकांना आधीपासून माहीत होत्या. एक्स-रेची ऊर्जा नळाच्या धारेसारखी सलग येत नाही, सुट्या पुड्यांनी येते. क्वांटम फिजिक्सची सुरुवातच तिथून आहे. त्यामुळे पेशीतल्या नाजूक जागेवर फटका बसतो किंवा बसत नाही, मधलं काही नसतं. एका फटक्यात मरणाऱ्या पेशी लॉगवर सरळ रेषेत घटतात. दोन किंवा जास्त फटके लागत असतील, तर रेषेला सुरुवातीला खांदा येतो. फिजिक्सवाले याला 'हिट' म्हणत. १९३५ साली बर्लिनमध्ये माक्स डेल्ब्रुक या क्वांटम फिजिक्सच्या माणसाने दोन सहकाऱ्यांबरोबर याच हिशेबाने जीन केवढा असेल याचा अंदाज बांधला होता.

नूडसन यांनी निष्कर्ष काढला की हा कॅन्सर व्हायला दोन हिट लागतात. काही मुलं पहिली हिट जन्मतःच घेऊन येतात, त्यांना एकच बाकी असते, म्हणून लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत. त्यांच्या हिशेबाने अशा मुलात सरासरी ३ गाठी होतात. सरासरी ३ असेल तर प्वासाँच्या, म्हणजे योगायोगाने घडणाऱ्या घटना मोजायच्या, सूत्राने सुमारे ५ टक्के मुलांत एकही गाठ होणार नाही. आजोबांना झाला, वडील सुटले, नातवाला झाला, अशा घरांचं कोडं इथे उलगडतं. ज्या जीनवर या हिट बसतात तो हाती लागला १९८६ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

आता माझ्या कामाबद्दल, कारण आकडेवारी म्हणजे कारकुनी असं अजूनही पुष्कळांना वाटतं. १९५४ साली संख्याशास्त्रज्ञ आर्मिटेज आणि साथरोगतज्ज्ञ डॉल यांनी दाखवलं की मोठ्यांच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये मृत्यूचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतं. म्हणजे पन्नाशीच्या बाईच्या नोंदीच्या कार्डावर वय साठ लिहिलं, तर कागदावरची जोखीम जवळपास तिप्पट होते. आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला वय विचारलं की ती म्हणते, "लिवा की पन्नास-साठ." अशा वेळी आम्ही विचारायचो, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होता का? तेव्हा थोरला केवढा होता?" "कडेवर होता." मग लग्न कधी, पहिलं मूल किती वर्षांनी, असं मागे मागे जात वय काढायचं. एका कार्डाला अर्धा तास लागला तरी मला कधी जड वाटला नाही. मुंबईची रजिस्ट्री १९६३ पासून आहे. बार्शीची १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी सुरू झाली, ती देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री. तिथली माणसं गावोगाव फिरली म्हणून तर खेड्यातल्या कॅन्सरचे आकडे आपल्या हाती आहेत.

घरच्यांना हेही सांगा की टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. रेडिएशनचा डोस बरोबर बसवणं हे त्यांचंच काम. कॅन्सर शोधायच्या पेट स्कॅनमधला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जोडीदार, १९२८ साली भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या समीकरणातून आला, प्रयोगात दिसला १९३२ साली. क्वांटमची खरी मदत अशा ठिकाणी आहे. 'क्वांटम'च्या नावाने कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्या यंत्रांवर कोणी पैसे घालवत असेल तर कृपा करून थांबवा.

मुलीला संशोधनच करायचं असेल तर या वर्षी संख्याशास्त्र पक्कं करू दे आणि पेशीशास्त्राचं पदवीचं एक पुस्तक नीट वाचू दे. बायोलॉजीची कसर वर्षभरात भरून निघते, मी भरून निघताना पाहिली आहे. आणि या रविवारी तिला एक काम द्या: पेशींवर दर मिनिटाला ठरावीक शक्यतेने हिट बसते असं धरून, एका हिटने आणि दोन हिटने बाद होणाऱ्या पेशींच्या दोन रेषा लॉगच्या आलेखावर काढायच्या. काढल्यावर इथे टाकू दे. मी बघतो.