महाविनाशाची मालिका, अकरावीचा प्रवेश आणि भूशास्त्राची वाट

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. मुलगा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला असून लातूरला अकरावी विज्ञान आणि सोबत नीटची शिकवणी, असे आमचे ठरले होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने पृथ्वीवरील प्राचीन महाविनाशांवरची एक माहितीपट मालिका हिंदीतून पाहिली. आता डॉक्टर व्हायचे नाही, जीवाश्मांचा अभ्यास करायचा आहे, असे तो म्हणतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कोणी पाहिले आहे? हा सारा अंदाजाचाच खेळ नाही काय? यात पोटापाण्याचे काही आहे काय? की टीव्ही बंद करून हा नाद वेळीच मोडावा? – एक पालक

उत्तर : स.न.वि.वि.

आपण ‘कोणी पाहिले आहे’ असे कदाचित वैतागून लिहिले असेल, तरी उत्तराची सुरुवात मी तेथूनच करतो. हा प्रश्न ज्याला मनापासून छळतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची चिकाटी ज्याच्यात असते, तोच विद्यार्थी या शाखेत टिकतो. केवळ अजस्र प्राण्यांच्या चित्रांवर भाळून आलेला विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षी, सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे ओळखण्याच्या प्रात्यक्षिकांना कंटाळून, दुसरी वाट शोधू लागतो.

अशा मालिकांत साधारणतः पाच महाविनाशांची कथा असते. पहिला ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी. दुसरा डेव्होनियनच्या उत्तरार्धात, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी. तिसरा पर्मियनच्या अखेरीस, २५.२ कोटी वर्षांपूर्वी; चौथा ट्रायासिकच्या अखेरीस, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी; आणि पाचवा, डायनोसॉरांचा घास घेणारा, ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तिसरा सर्वांत भीषण होता. त्यात समुद्रातील बहुतांश प्रजाती नष्ट झाल्या आणि सैबेरियातील प्रचंड लाव्हा उद्रेक हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पडद्यावर धावणारे प्राणी संगणकावर घडवलेले असतात आणि त्यांचे रंग, आवाज, चालणे यांत कल्पनेचा वाटा असतो, एवढ्यापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. घटना केव्हा घडली आणि तिच्या आधी व नंतर कोणते जीव होते, हे मात्र खडकांच्या थरांवरून ठरवलेले असते, आणि ते थर कोणालाही पुन्हा तपासता येतात.

एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो. इटलीतील गुब्बिओ या गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा पट्टा आहे. त्याच्या खालच्या चुनखडीत समुद्रातील सूक्ष्म जीवांची कवचे विपुल आहेत, तर वरच्या चुनखडीत त्यांतल्या बहुतेक जाती दिसतच नाहीत. हा पट्टा साचायला किती काळ लागला, एवढाच साधा प्रश्न घेऊन भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ, त्यांचे वडील व नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ आणि फ्रँक असारो व हेलन मिशेल हे दोन रसायनतज्ज्ञ कामाला लागले. त्यांना त्या मातीत इरिडियम हा धातू अपेक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक आढळला. पृथ्वीच्या कवचात हा धातू अत्यल्प असतो, अशनींत मात्र बऱ्यापैकी असतो. त्यावरून १९८० मध्ये त्यांनी लघुग्रहाच्या आघाताचा सिद्धान्त मांडला. आघात झाला असेल तर विवर कोठे आहे, असा आक्षेप त्यानंतर वर्षानुवर्षे घेतला जात होता. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात गाळाखाली गाडले गेलेले, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिक्शुलुब विवर हेच ते, असे १९९१ मध्ये पुढे आले. तेलाच्या शोधासाठी केलेल्या भूभौतिकीय सर्वेक्षणात त्याची वर्तुळाकार खूण आधीच दिसलेली होती.

या कामात भूशास्त्रज्ञ एकच होता, हे चिरंजीवांच्या ध्यानात आणून द्यावे. ‘मला गणित नको, रसायन नको, फक्त डायनोसॉर हवेत’ असे म्हणणाऱ्याला या क्षेत्रात जागा नाही.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. मालिकेत दक्षिण भारतातील ज्वालामुखींचा उल्लेख चिरंजीवांनी ऐकला असेल. तो दख्खनचा लाव्हा म्हणजे आपल्या मराठवाड्याचीच जमीन होय. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. जुनी विहीर असेल तर उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर काठावरून तिच्या भिंती नीट पाहाव्यात. वरती काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण आणि कोठे कोठे मधूनच तांबड्या गेरूचा पट्टा दिसतो. हा पट्टा म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत ऊनपावसाने झिजून मऊ झालेला पृष्ठभाग. आपल्याच तालुक्यातील किल्लारीजवळ १९९३ च्या भूकंपानंतर संशोधनासाठी जे खोल विंधन केले गेले, त्यात या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची, जाडी सुमारे ३३८ मीटर भरली आणि त्याखाली कितीतरी अधिक पुरातन खडक लागला. विहीर खणणाऱ्या जुन्या गवंड्यांना आणि बोअरच्या गाडीवरील माणसांना हे थर नावानिशी ठाऊक असतात, आणि पहिल्या धड्यासाठी त्यांच्याइतके चांगले शिक्षक मिळणे कठीण.

डायनोसॉर लघुग्रहाने संपले की दख्खनच्या लाव्हाने, हा वाद अजून मिटलेला नाही. लघुग्रहाचा आघात हे मुख्य कारण असल्याचे बहुसंख्य अभ्यासक मानतात, तर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर यांच्यासारख्या संशोधकांनी दख्खनच्या उद्रेकावर भर दिला आहे. २०१९ मध्ये दोन गटांनी आपल्याच खडकांचे वय दोन निराळ्या पद्धतींनी काढले. एका गटाने लाव्हातील खनिजांमधला आर्गॉन वायू मोजला, तर दुसऱ्याने प्रवाहांमधल्या गेरूतून झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यांतील युरेनियम व शिशाचे प्रमाण मोजले. उद्रेक दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात आटोपला, यावर दोघांचे साधारण एकमत झाले. मात्र सर्वांत मोठे लोट आघाताच्या आधी आले की नंतर, यावर झाले नाही. ज्या प्रश्नाचा निकाल सह्याद्रीच्या घाटांतील नमुन्यांवर ठरायचा आहे, त्यात लातूरच्या मुलाने भाग घ्यावा, यात मला अवास्तव काही दिसत नाही. (लोणारचे विवर पाहून येणारी बरीच मंडळी ‘येथेच डायनोसॉर मेले’ असे सांगतात, ते साफ चूक आहे. लोणार या बेसाल्टवरच झालेल्या आघाताचे विवर आहे, म्हणजे त्या घटनेच्या कितीतरी नंतरचे.)

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भागात डायनोसॉरांची हाडे सापडतील, अशी आशा चिरंजीवांनी धरू नये. तप्त लाव्हात हाडे टिकत नाहीत. ती लाव्हाच्या खालच्या किंवा दोन प्रवाहांमधल्या गाळात टिकतात. त्यामुळे त्यांची ठिकाणे आहेत ती जबलपूरला, गुजरातेत पूर्वीच्या खेडा, आताच्या महिसागर जिल्ह्यात आणि आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते, हे २००५ मध्ये त्यावरून जगासमोर आले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद या त्या शोधनिबंधाच्या प्रमुख लेखिका होत्या. मराठवाड्यात मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा अशा प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. ते डायनोसॉरांच्या मानाने अगदी अलीकडचे असले, तरी अभ्यासाच्या दृष्टीने कमी मोलाचे नाहीत.

या व्यवसायाचा वेग कसा असतो, हेही समजून घ्यावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात गुजरातेतून डायनोसॉरच्या अंड्यांचा एक दगड मिळवला होता. त्यातील हाडे प्रथम पिल्लाचीच समजली गेली. २००१ मध्ये अमेरिकेतील जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. दगड काळजीपूर्वक साफ केल्यावर अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी पिल्लू, असे दृश्य उलगडले. त्याचे ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव जाहीर व्हायला २०१० साल उजाडले. मालिकेत अशी गोष्ट फार तर दोन मिनिटांत संपते.

पोटापाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी हातचे न राखता देतो. केवळ पुराजीवशास्त्रज्ञ, म्हणजे जीवाश्मांचा अभ्यासक, म्हणून मिळणाऱ्या जागा देशात मोजक्याच आहेत. लखनौची बिरबल साहनी संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, काही विद्यापीठे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जीवाश्म विभाग, एवढ्यात बरेचसे आले. तेथे पोहोचण्यासाठी पीएच.डी. जवळपास अनिवार्य असल्याने बारावीनंतर दहा वर्षे धरून चालावे. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे संशोधनाच्या काळात घरावर भार पडत नाही. दहा वर्षे ऐकून आपण दचकला असाल, तर एमबीबीएस आणि त्यापुढे एमडी यांनाही मिळून साडेआठ वर्षे लागतातच, हे लक्षात घ्यावे.

मात्र जीवाश्मांची वाट ज्या पदवीतून जाते, ती भूशास्त्राची पदवी स्वतंत्रपणे पोट भरणारी आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या कुटुंबाने निर्णय याच आधारावर घ्यावा. भूशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा देता येते. तीतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट ‘अ’ ची नेमणूक होते, जिचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. याच परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळातही प्रवेश मिळतो. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. तेल कंपन्या भूशास्त्रज्ञ घेतात आणि तेथे विंधनातून आलेल्या गाळातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांवरून थरांचे वय ठरवण्याचे काम असते. गुब्बिओत ज्यांची कवचे नाहीशी झाली, ते हेच जीव. आणि ज्या प्रदेशात टँकरशिवाय उन्हाळा सरत नाही, तेथे बोअर कोठे घ्यावी आणि कोठे पैसा वाया घालवू नये, हे सांगणाऱ्या माणसाला काम कमी पडेल असे मला वाटत नाही.

आता अकरावीचे. नीट की डायनोसॉर, असा निर्णय आज घेण्याची गरजच नाही. आज एकच चूक टाळायची आहे, ती गणित सोडण्याची. नीटच्या तयारीसाठी आपल्याकडे सर्रास गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवतात आणि तेथेच आयआयटीचे दार बंद होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय ठेवावेत. ओझे वाढेल हे खरे, परंतु आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांवर प्रश्न असतात आणि पुणे व कोलकाता येथील आयसरमध्ये पृथ्वीविज्ञानाचे चांगले विभाग आहेत. ते न जमल्यास पुण्याच्या फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयातून भूशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे ‘जॅम’ परीक्षेद्वारे आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला जाता येते. घराजवळ राहायचे असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. शिकवणीवर्ग दोन वर्षांचे शुल्क एकरकमी मागतात. ते तूर्त भरू नये. पहिले वर्ष पाहावे, आणि अकरावीच्या अखेरीसही चिरंजीव जीवाश्मांचेच नाव घेत असतील, तर तो नाद नाही असे समजावे.

राहिला टीव्हीचा प्रश्न. मालिका बंद करू नये, ती दुसऱ्यांदा पाहायला सांगावी, या वेळी हातात वही घेऊन. प्रत्येक भागातील ठिकाण कोणत्या देशातले, खडक कोणता आणि वय कोणत्या पद्धतीने काढले, एवढे त्याने टिपावे. निवेदक जेथे ‘असे मानले जाते’ म्हणतो आणि जेथे ठामपणे सांगतो, त्या दोन्ही जागा वेगळ्या लिहाव्यात. पहिल्या दोन भागांतच त्याला या कामाचा कंटाळा आला, तर आपल्याला बरेच काही कळेल आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होणार नाही. कंटाळा आला नाही, तर दिवाळीच्या सुटीत नांदेडच्या भूशास्त्र संकुलात आधी फोन करून त्याला घेऊन जावे आणि आपल्या विहिरीतील प्रत्येक थराचा एकेक तुकडा, तो किती खोलीवरचा आहे याची चिठ्ठी लावून, सोबत न्यावा. थर काढायला विहिरीत मात्र त्याला एकट्याला उतरू देऊ नये.