नवरा टेबलापासून हलतच नाही, पेशंटला विचारायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरला फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर एक बाई सिटिंगला येतात, बाथरूममध्ये पडले म्हणतात पण दंडावर जुने-नवे वळ आहेत, आणि उत्तरं सगळी नवराच देतो. कॉलेजात हे कुणी शिकवलंच नाही. काय करू?

उत्तर : तुला शंका आली हे फार बरं झालं. डॉक्टर पाच मिनिटं भेटतात, तू आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा अर्धा तास, त्यामुळे बोलली तर ती तुझ्याशीच बोलेल. पण एकटी असतानाच विचार. नवऱ्याला संशय नको म्हणून सगळ्याच पेशंटना नियम कर की तपासणीच्या वेळी नातेवाईक बाहेर. मग सरळ विचार, "असे वळ कधीकधी घरात मारहाण झाल्यानं पण येतात, तुमच्याकडे तसं काही होतं का?" नाही म्हणाली तर खोदू नकोस, अजून सिटिंग्ज आहेत. हो म्हणाली तर ऐक, विश्वास ठेव, "सोडून का देत नाही" असलं काही नको, आणि नवऱ्याला समजवायला तर अजिबात जाऊ नकोस, घरी गेल्यावर मार तिलाच बसतो.

गळा दाबला होता का हे नक्की विचार. हो असेल तर मानेचं ट्रॅक्शन (मान ताणणं) वगैरे काही न करता आधी डॉक्टरकडे, कारण बाहेर खूण नसली तरी आतल्या रक्तवाहिनीला इजा असू शकते. एरवीही हात लावण्याआधी दरवेळी सांग, पालथं झोपायला किंवा मागून मान धरू द्यायला ती घाबरली तर दुसरी पोझिशन घे. घरचा व्यायाम केला नाही म्हणून रागावू नकोस गं, करू देत नसतील.

केस पेपरवर तिचेच शब्द लिही, वळ कुठे, केवढा, कुठल्या रंगाचा, पण तो कागद नवऱ्याच्या हाती पडता कामा नये. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर चिठ्ठीवर नको, तिच्याकडून पाठच करून घे. सखी वन स्टॉप सेंटर (अशा बायकांना उपचार, पोलीस, कायद्याची मदत एकाच जागी देणारं सरकारी केंद्र) आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यातले संरक्षण अधिकारी यांची माहितीही दे, जायचं की नाही ते तिला ठरवू दे.

वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये आरोग्यावर संशोधन करणारी सेहत संस्था आणि महापालिकेनं 2000 साली घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केलं तेव्हा हॉस्पिटलच्याच स्टाफला ट्रेनिंग दिलं होतं, मग फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, एक्स-रेवाल्यांच्या कोर्समध्ये हे अजून का नसावं याचा मला खरंच राग येतो. तोवर तुमच्या डिपार्टमेंटमध्ये एखाद्या अनुभवी समुपदेशकाला बोलवा, नुसतं लेक्चर नको, एकमेकींना पेशंट करून प्रश्न विचारायची प्रॅक्टिस करा. रिसेप्शनच्या मुलीलाही बसवा, कारण नवऱ्याचा फोन आला की बाई कधी आल्या, कधी निघाल्या हे तीच सांगून टाकते.